स्वाक्षरीभोवतीचा कागद कापू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील थोर व्हायोलिनवादकांच्या स्वाक्षऱ्या जमवणाऱ्यांमध्ये एक घातक पद्धत रूढ आहे आणि मीही याच छंदातला असल्यामुळे तिच्याविषयी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. जुन्या कार्यक्रमपत्रिकेवरची किंवा पत्राखालची सही तेवढी कात्रीने कापून घ्यायची, वादकाच्या छायाचित्राखाली डकवायची आणि काचेच्या चौकटीत भिंतीवर लावायची, अशी ही पद्धत आहे. सजवलेली चौकट चटकन खपते, म्हणून विक्रेत्यांना ती सोयीची वाटते. पण त्या वस्तूने जी साक्ष द्यायची, ती मात्र कात्रीखाली कायमची जाते.

फ्रिट्झ क्रायस्लर यांचेच उदाहरण घ्यावे. पुन्यानी आणि इतर जुन्या संगीतकारांच्या नावावर आपण वर्षानुवर्षे वाजवत आलो त्या कित्येक रचना वास्तविक आपल्याच आहेत, हे त्यांनी १९३५ मध्ये उघड केले. त्याआधीच्या मैफिलीची, त्यांची सही असलेली अखंड पत्रिका हाती आली, तर ‘प्रील्यूडियम अँड अलेग्रो’ या त्यांतल्याच एका रचनेसमोर पुन्यानी यांचे नाव छापलेले आणि त्याच पानावर खऱ्या रचनाकाराची सही, असा दुर्मीळ योग पाहायला मिळू शकतो. तीच सही कापून घेतली की हातात उरते केवळ एक नाव, आणि क्रायस्लर दीर्घायुषी असल्याने त्यांच्या नुसत्या सह्यांना तोटा नाही. याउलट जिनेट नव्हू यांचे. १९३५ च्या वॉर्सा येथील व्हीन्याव्स्की स्पर्धेत डेव्हिड ओइस्त्राख यांना मागे टाकून पहिल्या आलेल्या या वादिकेचा १९४९ मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, विमान अपघातात अंत झाला. इतक्या लहान कारकिर्दीत त्यांनी सही केलेले, स्थळ व तारीख असलेले प्रत्येक पान अभ्यासकाला मोलाचे आहे.

सहीच्या खरेपणाचा प्रश्नही याच्याशीच निगडित आहे. पान अखंड असले की कागद, छपाई, शाई, तारीख आणि अर्पणाचा मजकूर एकमेकांशी ताडून पाहता येतो. बोटभर तुकड्यावर असे काहीच तपासता येत नाही, आणि जुन्या पुस्तकाचे कोरे पान मिळवून त्यावर सही उठवणे बनावट करणाऱ्याला अवघड नसते. व्हायोलिनवादक युजीन इझाई १९३१ मध्ये निवर्तले. त्यांची म्हणून दाखवलेली सही बॉलपेनची असेल तर ती खोटी हे वेगळे सांगायला नको, कारण बॉलपेन बाजारात रुळले ते १९४५ नंतर. प्रसिद्धीसाठी वाटलेल्या छायाचित्रांवर सही पुष्कळदा छापलेलीच असे. तेथे भिंग धरून पाहावे: चित्राचे बारीक ठिपके सहीच्या रेषेतही दिसले, तर ती हाताने केलेली नाही.

सर्वांत अधिक हळहळ वाटते ती सही असलेल्या स्वरलिपीच्या प्रतींबद्दल. गजाची दिशा दाखवणाऱ्या खुणा, बोटांचे आकडे, एखाद्या सुरावटीवर पेन्सिलीने फिरवलेले वर्तुळ, यांतून वादक ती रचना कशी बसवत होता हे कळते. अशा प्रतीचे मुखपृष्ठ तेवढे फाडून विकलेले मी पाहिले आहे आणि त्याचा संताप आजही ओसरलेला नाही.

ज्यांच्या घरी असा ठेवा वारशाने आला असेल, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी पाने कापू नयेत, लॅमिनेशन करू नये आणि शाई उडते म्हणून उन्हाच्या भिंतीवर लावू नये. सही कोणी, कोठे व कोणत्या मैफिलीनंतर घेतली हे ठाऊक असेल तर ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवावे आणि मूळ लिफाफाही फेकू नये. स्वतःला त्यात रस नसल्यास संगीताच्या ग्रंथालयाला सर्व संग्रह एकत्रच द्यावा. विक्रेत्याने नुसती सही मागितली तर त्याला नकार द्यावा.

आपला नम्र,
एक संग्राहक