टॅब दाखवून देणाऱ्या भाऊंना

प्रिय भाऊ,

दिवाळीत तुम्ही नागपूरहून गावी आलात आणि एक अख्खी दुपार आमच्या अभ्यासिकेत घालवली. निघताना तुम्हाला बस गाठायची होती, इकडे लाइन गेली होती, त्यामुळे आभार नीट मानायचे राहून गेले. ते आता सगळ्यांसमोर मानते. पांढरकवड्याच्या आसपास, वणी-मारेगावकडे आमच्यासारखी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणारी मुलं-मुली असतील, त्यांनाही हे वाचता यावं.

तुम्हाला आमचं काम माहीत आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. सीतादहीची पूजा झाली की इकडे कापसाची वेचणी लागते. संध्याकाळी प्रत्येक बाईचा कापूस काट्यावर मोजतात आणि किलोप्रमाणे मजुरी धरतात. बाजाराच्या आदल्या रात्री वहीतले आकडे जुळवत बसावं लागतं. तो हिशेब करायला मी आणि मैत्रिणीने एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला होता. अभ्यासिकेच्या लॅपटॉपवर विम हा एडिटर, म्हणजे प्रोग्राम लिहायचं साधन, होता, त्यात आधीपासून कुणाची तरी सेटिंगची फाइल होती. पायथनमध्ये कोणती ओळ कुणाच्या आत येते ते ओळीआधीच्या कोऱ्या जागेवरून, म्हणजे पायरीवरून, ठरतं. पडद्यावर सगळ्या ओळी जिथल्या तिथे दिसायच्या, तरी पायथन ‘टॅबएरर’ ही चूक दाखवून थांबायचा. तीच फाइल मैत्रिणीच्या एडिटरमध्ये उघडली की आतली पायरी बाहेरच्या पायरीला चिकटलेली दिसायची. ज्यांना विचारलं त्यांनी ओळी पुसून परत लिहायला सांगितलं. तेवढ्यापुरतं चालायचं, पुन्हा बिघडायचं.

तुम्ही कीबोर्ड हातात घेतला नाही, हे मला सगळ्यात आवडलं. “पहिले दिसू दे वं, मंग सुधारू,” म्हणालात आणि मला ‘सेट लिस्ट’ ही आज्ञा द्यायला लावलीत. प्रत्येक ओळीच्या शेवटी डॉलरचं चिन्ह आलं आणि काही ओळींच्या सुरुवातीला टोपीचं चिन्ह व इंग्रजी आय. जिथे टोपी आणि आय तिथे खरा टॅब, म्हणजे कीबोर्डवरच्या टॅब बटणाचं अक्षर, बाकी नुसत्या स्पेस. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की यादीत टॅबचा क्रमांक ९ आणि स्पेसचा ३२. डोळ्यांना दोन्ही कोरी जागाच, पण पायथनला ती दोन वेगळी अक्षरं.

टॅब म्हणजे ठरावीक रुंदीची जागा, असंच आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही पराटीचं, म्हणजे कपाशीचं, वावर आठवायला लावलंत. बी टोबण्याआधी काकर, म्हणजे खुणेच्या रेघा, पाडून ठेवतात आणि बाई कुठेही उभी असली तरी बी पुढच्या काकरावरच टाकते. टॅबही तसाच पुढच्या खुणेवर जातो. खुणा आठ-आठ रकान्यांवर असतील आणि ओळीत आधी तीन अक्षरं असतील, तर तो पाचच रकाने सरकतो. त्या खुणा किती अंतरावर दिसाव्यात एवढंच विममधली टॅबस्टॉप ही सेटिंग ठरवते. तो आकडा बदलला म्हणून फाइलमधलं एक अक्षरही बदलत नाही.

मग आमच्या लॅपटॉपचं कोडं उलगडलं. त्यावर टॅबस्टॉप ८, सॉफ्टटॅबस्टॉप (टॅबचं बटण दाबल्यावर किती रकाने सरकायचं) ४ आणि एक्स्पांडटॅब (टॅबऐवजी स्पेस टाकायची सोय) बंद होतं. अशा वेळी पहिल्या पायरीला विम चार स्पेस टाकतो आणि दुसऱ्या पायरीला त्या चार स्पेस काढून एक टॅब ठेवतो. विममध्ये हे अगदी बरोबर दिसतं. मैत्रिणीच्या एडिटरमध्ये टॅब चार रकान्यांचा, म्हणून तिला दोन्ही पायऱ्या एकाच जागी दिसायच्या. जुना पायथन २ टॅब आठाच्या पटीत मोजून ही मिसळ चालवून घ्यायचा. पायथन ३ मात्र टॅबच्या रुंदीवर अर्थ बदलत असेल तर पुढे जातच नाही. मजुरीचा हिशेब करणारा प्रोग्राम चुकीच्या पायरीवर गुपचूप चालण्यापेक्षा तो थांबतो तेच बरं, असं मला आता ठामपणे वाटतं.

एक्स्पांडटॅब चालू, शिफ्टविड्थ (एका पायरीची रुंदी) ४ आणि मग फाइलीतल्या टॅबच्या स्पेस करणारी ‘रीटॅब’ आज्ञा, एवढ्यावर कुणीही उठलं असतं. तुम्ही थांबलात आणि विचारलंत, “वजनं कोणत्या फाइलीत ठेवता?” भाऊ, खरी मदत त्या प्रश्नात होती. आमच्या नोंदींच्या फाइलीत नाव, तारीख आणि किलो यांच्या मध्ये टॅब आहे. नावातच स्पेस असते, बाईचं आणि मग आडनाव, म्हणून रकाने तोडायला स्पेस चालत नाही. त्या फाइलीवर रीटॅब दिलं असतं तर सगळे रकाने एकमेकांत मिसळले असते, आणि एक्स्पांडटॅब चालू ठेवून नवी नोंद केली असती तर पडद्यावर सरळ दिसणाऱ्या ओळीत प्रोग्रामला वजनच सापडलं नसतं. म्हणून पायथनच्या फाइलींना एक नियम आणि नोंदींच्या फाइलींना दुसरा, असं ऑटोकमांड, म्हणजे फाइल उघडताच आपोआप चालणारी आज्ञा, लिहून तुम्ही वेगळं करायला शिकवलंत. एक्स्पांडटॅब चालू असतानाही खरा टॅब हवा असेल तर कंट्रोल-व्ही दाबून मग टॅब, हेही तेव्हाच कळलं.

मेकफाइलची गोष्ट तुम्ही जाता जाता सांगितलीत. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्स या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत मेक हे प्रोग्राम बांधायचं साधन लिहिलं, त्याच्या मेकफाइलमध्ये आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हायला लागते. थोड्याच दिवसांत डझनभर लोक ते वापरायला लागले, त्यांचं काम मोडू नये म्हणून फेल्डमन यांनी ते तसंच राहू दिलं. विमचं फाइलटाइप प्लगइन, म्हणजे फाइलीच्या प्रकाराप्रमाणे सेटिंग लावणारी जोड, चालू असलं की मेकफाइलपुरतं एक्स्पांडटॅब आपोआप बंद होतं, हे मी नंतर स्वतः तपासलं.

आता आमच्या फोल्डरमध्ये एडिटरकॉन्फिगची, म्हणजे वेगवेगळ्या एडिटरांना टॅब-स्पेसचे सारखे नियम सांगणारी, फाइल आहे. मैत्रिणीच्या एडिटरला आणि आमच्या विमला त्यासाठी प्लगइन घालावं लागलं, पण दोघींचे नियम एकाच जागी आले. यंदाच्या वेचणीचा हिशेब त्या प्रोग्रामवर निघतो आहे. वही अजून सोबत ठेवतो, बाया दोन्हीकडचा आकडा ताडून पाहतात आणि पाहायलाच हवा. त्यात माझी आईही आहे. तिच्या आणि तिच्या सोबतच्या सगळ्या बायांच्या वतीने तुमचे मनापासून आभार.

पोळ्याला याल तेव्हा अभ्यासिकेत नक्की या. नववीतल्या दोघी आता शिकायला येतात, त्यांना तुम्हाला बरंच विचारायचं आहे.

तुमची,
अभ्यासिकेतली धाकटी बहीण