तेजोमेघाचे रंग आणि छायाचित्राखालची ओळ

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील गरुड तेजोमेघाच्या (एम १६, अवकाशातला वायू-धुळीचा चमकता ढग) छायाचित्रावर ‘रंग संगणकात भरलेले आहेत, सबब चित्र बनावट’ असा आक्षेप एका वाचकाने याच सदरात घेतला आहे. रंग नेमून दिलेले असतात, हे खरे. तेवढ्यावरून चित्र बनावट ठरत नाही. मात्र रंग नेमतानाही सचोटी आणि लबाडी असतेच, आणि ती ओळखायची तर चित्र कसे तयार होते ते माहीत हवे.

या तेजोमेघाचा प्रकाश मुख्यतः मोजक्या वर्णरेषांतून, म्हणजे ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशातून येतो: हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ५००.७ची आणि एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या गंधकाची ६७१.६ व ६७३.१ अशी जोडी. नॅरोबँड फिल्टर एकेका रेषेभोवतीचा ३ ते ७ नॅनोमीटरचा पट्टा तेवढा आत सोडतो. आता हायड्रोजन आणि गंधक दोन्ही लाल, त्यांच्यात अंतर जेमतेम १६ नॅनोमीटर. डोळ्याला दोन्ही सारखेच. ‘जसे दिसते तसेच रंगवा’ असा हट्ट धरला तर कोणता वायू कुठे आहे हेच चित्रातून पुसले जाते. खगोलशास्त्रज्ञ जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी १ एप्रिल १९९५ रोजी हबल दुर्बिणीतून घेतलेल्या याच तेजोमेघाच्या, ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’ म्हणून गाजलेल्या छायाचित्रात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला गेला. यात मनमानी नाही. सर्वांत लांब तरंगाला लाल, मधल्याला हिरवा, सर्वांत आखूड तरंगाला निळा. क्रम निसर्गाचाच, फक्त अंतरे वाढवलेली.

दिवे लखलखणाऱ्या शहराच्या गच्चीवरूनही असे चित्र घेता येते. दृश्य प्रकाशाचा पट्टा सुमारे ३०० नॅनोमीटरचा. त्यातले ३ आत घेतले की पांढऱ्या एलईडी दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेरच राहतो. कृत्तिकांभोवतीचा धूसर मेघ मात्र ताऱ्यांचाच प्रकाश परावर्तित करतो. त्याच्यापुढे हे फिल्टर निरुपयोगी, तिथे पेंचसारखे काळे आकाशच हवे.

एम १६ ची आपल्याकडची अडचण वेगळी. जूनअखेर तो मध्यरात्री सर्वांत उंच असतो आणि नेमका तेव्हा पाऊस. म्हणून एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे, रात्री एकनंतर पहाटे पावणेपाचपर्यंत. पुण्याहून तो ५८ अंशांच्या आसपास चढतो, तेवढी उंची पुरते. पण उन्हाळ्यात रात्रीही पारा २५ अंशांवर असतो. शीतक असलेले कॅमेरे हवेपेक्षा साधारण ३० ते ३५ अंशांनीच खाली जातात. युरोपातल्यांचे पाहून उणे १० लावले की शीतक पूर्ण जोरावर चालूनही तापमान वरखाली होते आणि डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेल्या, कॅमेऱ्याची स्वतःची खरखर टिपणाऱ्या) जुळत नाहीत. शून्य किंवा उणे ५ लावावे आणि त्याच तापमानाच्या, त्याच गेनच्या (सिग्नल वाढवण्याच्या पातळीच्या), तितक्याच वेळाच्या डार्क घ्याव्यात. फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फ्रेम) मात्र प्रत्येक फिल्टरचे वेगळे, कारण धूळ प्रत्येकाच्या काचेवर वेगळ्या जागी बसते. फिल्टर बदलला की फोकस पुन्हा तपासावा, मग ‘सगळे एकाच फोकसचे’ असे डबीवर छापलेले का असेना. एफ/२ सारख्या वेगवान, म्हणजे आखूड नाभीय अंतराच्या दुर्बिणीवर साधा ३ नॅनोमीटरचा फिल्टर लावू नये. तिरप्या किरणांमुळे त्याचा पट्टा निळ्याकडे सरकतो आणि नेमकी हवी ती रेषा अर्धीमुर्धी कापली जाते.

छोट्या दुर्बिणीला आणि कृष्णधवल कॅमेऱ्याला ३०० सेकंदांच्या फ्रेम सोयीच्या पडतात. वेळेची वाटणी मात्र समान नको. हायड्रोजनला दोन तास दिले तर ऑक्सिजन आणि गंधकाला किमान चार-चार तास द्यावेत. चांदण्याचा उपद्रव ऑक्सिजनला जास्त होतो, तेव्हा अमावास्येच्या आसपासच्या रात्री त्याच्यासाठी राखाव्यात आणि चंद्र मोठा असताना हायड्रोजन उरकावा.

आता रंगांचा तोल. खरी मेख इथेच आहे. तिन्ही चॅनेल (एकेका फिल्टरमधून मिळालेली कृष्णधवल चित्रे) जसेच्या तसे एकत्र केले तर सगळे चित्र हिरवेगार दिसते, कारण हायड्रोजन बाकी दोघांपेक्षा कितीतरी प्रखर असतो. समजा, पार्श्वभूमी वजा केल्यावर मेघाच्या मध्यावर, ० ते १ या मापात, हायड्रोजनचे मूल्य ०.०४० आणि गंधकाचे ०.००६ आहे. बरोबरी साधायला गंधकाला जवळपास सातने गुणावे लागते, आणि त्यातला खरखराटही सातपट होतो. वर म्हटलेले जास्तीचे तास यासाठीच लागतात. तास दुप्पट केले तरी खरखर निम्मी होत नाही. सिग्नलच्या तुलनेत ती साधारण ०.७ पटीवर येते. म्हणून बरोबरी पूर्ण साधण्याच्या नादी न लागता हायड्रोजन थोडा खाली आणावा, बाकीचे दोन थोडे वर न्यावेत.

क्रमही महत्त्वाचा. आधी, चित्र रेषीय (उजळपणा अजून न ताणलेले) असतानाच, प्रत्येक चॅनेलमधला शहरी उजेडाचा चढउतार काढावा. मग स्टारनेटसारख्या साधनाने तारे वेगळे करावेत. त्यानंतर प्रत्येक चॅनेल स्वतंत्रपणे स्ट्रेच करून, म्हणजे अंधुक भाग उजळवून, तिन्हींची पार्श्वभूमी एकाच पातळीवर आणावी आणि शेवटी एकत्र करावे. मोफत मिळणाऱ्या सिरिल या सॉफ्टवेअरमध्येही हे सगळे होते. पार्श्वभूमी न जुळवता रंग जुळवायला बसणारे तासभर स्लायडर ओढत राहतात आणि आकाश जांभळटच राहते.

तारे आधी का काढायचे? ताऱ्याचा प्रकाश अखंड वर्णपटाचा, तिन्ही फिल्टरमधून जवळपास सारखाच येणारा. लाल आणि निळा चॅनेल वाढवला, हिरवा तसाच ठेवला, की प्रत्येक ताऱ्याभोवती किरमिजी कडे उमटते. आपण छापलेल्या चित्रात उजव्या कोपऱ्यातले तारे नीट पाहावेत, हेच झाले आहे. साध्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरमधून प्रत्येकी ३० सेकंदांच्या वीस-पंचवीस फ्रेम घेऊन ते तारे नंतर वर बसवले तर पिवळा तारा पिवळा आणि निळा निळाच राहतो.

दुसरी चूक ‘हिरवा काढा’ या बटणाची. ही आज्ञा सर्वसाधारणपणे हिरव्याला लाल-निळ्याच्या सरासरीपेक्षा वर जाऊ देत नाही. साध्या रंगीत छायाचित्रात ते ठीक, कारण तिथला जास्तीचा हिरवा बहुधा दोषच असतो. इथे हिरवा म्हणजे हायड्रोजन! पूर्ण मात्रेने बटण दाबले की सर्वांत भक्कम माहितीच फेकली जाते. मात्रा ०.६ ते ०.७ ठेवावी, उजळपणा राखण्याचा पर्याय चालू ठेवावा. हबलच्या चित्रांत आवडणारा सोनेरी रंग गंधक आणि हायड्रोजन तुल्यबळ झाले की आपसूक येतो, वेगळा भरावा लागत नाही.

लबाडी म्हणायची तर ती वेगळीच. दुहेरी पट्ट्याचा फिल्टर लावलेल्या रंगीत कॅमेऱ्यातून सहसा हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढेच येतात. त्यावर सोनेरी-निळी छटा चढवून ‘हबल रंगसंगती’ (वर सांगितलेली गंधक-हायड्रोजन-ऑक्सिजनची वाटणी) म्हणून चित्र फिरवले जाते. त्यात गंधकाचा एक कणही टिपलेला नसतो. दिसायला सुंदर असेल, पण गंधक कुठे आहे असे विचारले तर ते चित्र उत्तर देऊ शकत नाही.

म्हणून विनंती अशी की तेजोमेघाचे छायाचित्र छापताना खाली एक ओळ द्यावी. उदाहरणार्थ: ‘लाल – गंधक, ४ तास, हिरवा – हायड्रोजन, २ तास, निळा – ऑक्सिजन, ४ तास, तारे साध्या रंगीत फिल्टरमधून.’ छायाचित्रकाराकडे ही माहिती असतेच, आणि नसेल तर ते चित्र न छापलेले बरे.

एक धोक्याची सूचनाही त्यासोबत छापावी. तेजोमेघासाठीचा हायड्रोजन फिल्टर लावून सूर्याकडे पाहू नये. सूर्यासाठीच्या हायड्रोजन दुर्बिणींचा पट्टा ०.१ नॅनोमीटरपेक्षाही अरुंद असतो आणि त्यांत उष्णता अडवणारी वेगळी काच असते. नाव एकच असल्याने फसगत होते, आणि इथे फसगत झाली तर दृष्टी जाऊ शकते.

– हौशी आकाश छायाचित्रकारांचा एक गट, पुणे