क्राव्ह मागाच्या वर्गाविषयी आई-बाबांस

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

व्हिडिओ कॉलवर माझ्या हातांवरचे काळेनिळे डाग दिसल्यापासून आईच्या जिवाला घोर लागला आहे आणि बाबांनी ताईला दोनदा फोन करून "चाळिशी उलटलेल्या डॉक्टर बाईला मारामारी शिकायची वेळ का यावी, कोणाशी काही झाले आहे का," असे विचारले, हे मला ताईकडूनच कळले. तुम्ही समजता तसे काहीही झालेले नाही. मात्र कॅज्युअल्टीच्या गडबडीत फोनवर उत्तर देऊन हा प्रश्न मिटणार नाही, म्हणून आज रजेच्या दिवशी सविस्तर लिहायला बसले आहे.

आधी डागांविषयी. ते दोन्ही हातांच्या बाहेरच्या बाजूला, मनगट आणि कोपर यांच्या मध्ये आहेत. आमच्या वर्गात अगदी सुरुवातीला शिकवला जाणारा सराव असा असतो की समोरचा जोडीदार वरून, बाजूने, खालून असा कुठूनही हात चालवतो आणि तो आपल्या अंगापर्यंत पोहोचण्याआधी कोपर काटकोनात वाकवून आपल्या हाताच्या कडेने तो अडवायचा असतो. हाडावर हाड आपटते, म्हणून नव्या माणसाचे हात काही आठवडे असेच दिसतात. माझ्या जोडीदारीणबाई एका बँकेत अधिकारी आहेत आणि त्यांचे हात माझ्याहून वाईट दिसतात, एवढे आईला सांगितले म्हणजे पुरे.

स्वसंरक्षणाच्या या प्रकाराला क्राव्ह मागा म्हणतात आणि तो जन्माला कसा आला हे समजले की लोक त्याच्याकडे का वळतात हेही बरेचसे समजते. त्याचे जनक इमी लिख्टनफेल्ड हे ज्यू गृहस्थ १९१० साली बुडापेस्टमध्ये जन्मले आणि आज स्लोव्हाकियाची राजधानी असलेल्या ब्रातिस्लाव्हा शहरात वाढले. वडील आधी सर्कशीत कसरती व कुस्त्या करणारे आणि पुढे पोलीस खात्यात गुप्तहेर झालेले. मुलगाही कुस्ती, मुष्टियुद्ध आणि जिम्नॅस्टिक्समध्ये नावाजलेला. १९३०च्या दशकात त्या शहरातल्या ज्यू वस्तीत ज्यूद्वेष्ट्या टोळ्या घुसू लागल्या, तेव्हा आखाड्यात जिंकलेल्या या तरुणाच्या लक्षात आले की रस्त्यावर पंच नसतो, वजनगट नसतात आणि समोर एकच माणूस असेल याचीही खात्री नसते. १९४० साली ते 'पेंचो' नावाच्या जुनाट बोटीने निघाले; ती बोट ग्रीक बेटांजवळ फुटली, आणि १९४२मध्ये ते पॅलेस्टाइनला पोहोचले. तिथे ज्यूंच्या सशस्त्र दलांना आणि १९४८नंतर इस्रायली सैन्याला त्यांनी प्रशिक्षण दिले. सैन्यातून बाहेर पडल्यावर साठच्या दशकात त्यांनी हीच पद्धत सामान्य नागरिकांसाठी बेतून घेतली.

सैन्यात भरती होणारा प्रत्येक जण पहिलवान नसतो आणि शिकवायला वर्षेही मिळत नाहीत. त्यामुळे या पद्धतीत शरीर घाबरल्यावर आपोआप जी हालचाल करते तिचाच आधार घेतलेला असतो. समोरून कोणी गळा धरला तर कोणाचेही हात आधी गळ्याकडेच जातात. आम्हाला त्याच हातांची बोटे आकड्यासारखी वळवून, हल्लेखोराच्या अंगठ्यांपाशी अडकवून, झटक्याने बाहेर ओढायला आणि त्याच क्षणी गुडघा मारायला शिकवतात. मनगट धरले तर ते त्याच्या अंगठ्याच्या बाजूला फिरवून सोडवायचे, कारण मुठीची पकड तिथेच कमजोर असते. केस धरले तर ओढाताण न करता दोन्ही हातांनी त्याचाच हात आपल्या डोक्यावर दाबून धरायचा. मुठीऐवजी हाताच्या तळव्याच्या मनगटाजवळच्या भागाने मारायला सांगतात तेव्हा तर मला मनापासून पटते, कारण रागाच्या भरात भिंतीवर किंवा मित्राच्या जबड्यावर बुक्की मारून करंगळीमागचे हाड मोडून घेतलेली मुले आमच्याकडे नेहमी येतात.

आता लोक का येतात, हा बाबांचा मूळ प्रश्न. आमच्या बॅचमध्ये महाविद्यालयात त्रास सोसलेला एक मुलगा आहे, आई आणि मुलगी अशी एक जोडी आहे, आणि गाडीला गाडी घासली म्हणून भर रस्त्यात चौघांनी घेरलेले पन्नाशीचे एक गृहस्थ आहेत. त्या गृहस्थांना मार फारसा लागला नव्हता. त्यांना सलत होते ते हे की पाय जमिनीला चिकटले, तोंडातून शब्द फुटला नाही आणि शेजारी बसलेल्या पत्नीने ते पाहिले. मी जसजशी लोकांशी बोलले तसतसे माझे मत पक्के झाले की शूर होण्यासाठी इथे फार थोडे लोक येतात. बहुतेकांना 'त्या वेळी मी काहीच का केले नाही' या प्रश्नातून सुटायचे असते. वैद्यकीयदृष्ट्या त्याचे उत्तर सोपे आहे. धोका जाणवला की अ‍ॅड्रेनालिन उसळते, हृदयाची गती वाढते, बोटांची नाजूक कामे जमेनाशी होतात आणि अनेकदा शरीर थिजते. त्यात भित्रेपणा काही नाही. पण हे पुस्तकातून वाचून शरीराला कळत नाही. रुग्णाचे हृदय बंद पडल्यावर काय करायचे याचा आम्ही पुतळ्यावर पुन्हा पुन्हा सराव करतो तो याचसाठी की ऐन वेळी विचारात वेळ जाऊ नये. हा वर्गही तसाच आहे. आम्हाला डोळे मिटून उभे करतात, मोठ्याने गाणी लावतात, दमवतात आणि मग कोणीतरी मागून ढकलते. पहिल्यांदा मीही थिजले होते. आता थिजण्याचा काळ आखडला आहे, आणि माझ्या मते फीचे खरे मोल तेवढेच.

माझे स्वतःचे कारण माझ्या कामात आहे. मार्च २०१७मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला रुग्णाच्या नातेवाइकांनी मारहाण केली आणि त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, तेव्हा राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले होते, हे तुम्हाला आठवत असेल. डॉक्टरांवरील हिंसेविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा त्याआधी सात वर्षे, २०१०पासून अस्तित्वात होता. ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्यात रात्रपाळीवर असलेल्या निवासी डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, त्यानंतर आई, तू कित्येक रात्री मला झोपू न देता फोन करत होतीस. कायदा हवाच, पण तो प्रसंग घडून गेल्यावर कामाला येतो, आणि मला त्याआधीची काही मिनिटे हाताशी हवी होती. मध्यंतरी दारू प्यालेले एक नातेवाईक आमच्या टेबलापाशी येऊन परिचारिकेच्या अंगावर धावले. मी उठून टेबल मध्ये येईल अशी उभी राहिले, दार पाठीमागे ठेवले, दोन्ही तळवे उघडे करून छातीच्या उंचीवर धरले आणि "मागे व्हा" असे इतक्या मोठ्याने म्हणाले की वॉर्डातले सगळे वळून पाहू लागले. रखवालदार आले, गृहस्थ बसले, त्यांच्या भावाची तपासणी मीच केली. हात उगारावा लागला नाही.

बाबा, न्यायालयातल्या नोकरीमुळे तुम्हाला कलमांशिवाय समाधान होणार नाही. भारतीय दंड संहितेतली खासगी बचावाची ९६ ते १०६ ही कलमे १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ झाली आहेत. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते आणि पोलिसांकडे जाण्याइतका वेळ असेल तर हा हक्क उरत नाही, या गोष्टी आमचे सर वर्गात आवर्जून सांगतात. चाकू दिसला तर पर्स द्या आणि पळा, हे त्यांचे पहिले वाक्य असते. चाकू अडवण्याचे तंत्र पळण्याची वाटच नसेल तर वापरायचे.

या विद्येची मी भाट झालेली नाही. तिच्यात स्पर्धा नसतात, त्यामुळे शिकवणारा काहीही दावा करू शकतो आणि तो तपासायला आखाडा नसतो. शेजारच्या मॅटवर ज्युडो खेळणारी मुले खऱ्या प्रतिकाराविरुद्ध रोज झुंजतात, ही त्यांची जमेची बाजू मी मान्य करते. वजन आणि ताकद यांना महत्त्व नसते असे म्हणणाऱ्यावर तर विश्वास ठेवूच नये. एखादी भयंकर बातमी आली की दोन तासांच्या कार्यशाळा भरवून प्रमाणपत्रे वाटणारे लोक मला पसंत नाहीत, कारण ते भीती विकतात आणि पोकळ धीर देतात.

शिवाय अशा कार्यशाळांतला हल्लेखोर नेहमी अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस असतो. आपल्या देशातली अधिकृत आकडेवारी वर्षानुवर्षे सांगते की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. २०१५ साली कॅनडातल्या तीन विद्यापीठांत सुमारे ९०० विद्यार्थिनींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या एका गटाला नुसती माहितीपत्रके दिली होती आणि दुसऱ्या गटाला बारा तासांचे प्रशिक्षण. वर्षभरानंतर बलात्काराचे प्रमाण पहिल्या गटात ९.८ टक्के आणि दुसऱ्यात ५.२ टक्के आढळले. प्रतिकाराचे डावपेच हा त्या प्रशिक्षणाचा एक भाग होता. ओळखीच्या माणसाच्या वागण्यातला धोका वेळीच ओळखणे आणि संकोच बाजूला ठेवून त्याला नकार देणे, यावरही तितकाच भर होता.

म्हणूनच तुमच्याकडे माझी एक मागणी आहे आणि ती ताईच्या चिऊबद्दल आहे. ती आता तेरा वर्षांची आहे. घरी पाहुणे आले की "काकांना नमस्कार कर, जवळ बस, लाजतेस काय" असा आग्रह आपल्याकडे प्रेमाने होतो, माझ्याही बाबतीत झाला. नमस्कार तिने जरूर करावा. पण कोणाच्या जवळ बसायचे नाही असे तिने म्हटले, तर तिला उद्धट न म्हणता त्या क्षणी तिची बाजू घ्यावी आणि पाहुणे गेल्यावर कारण शांतपणे विचारावे, एवढे कराल का? मनगट सोडवण्याचा डाव मी तिला अर्ध्या तासात शिकवीन. तिचा नकार घरात चालतो की नाही, हे मात्र तुम्हा दोघांच्या हातात आहे.

गणपतीत चार दिवस रजा मिळाली आहे. चिऊला तेव्हा साताऱ्यालाच ठेवून घ्या. सरावासाठी जुनी गादी माळ्यावरून काढून उन्हात टाकावी लागेल, पण ती मी आल्यावर काढीन, बाबांनी शिडीवर चढू नये. आईची रक्तदाबाची गोळी संपत आली असेल तर ताईला सांगून आजच मागवा.

तुमची,
नीला