काका, किल्ली आता त्या डबीत नाही

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

समोर बसवून तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं" म्हणत विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. शिवाय घरात बंदूक असलेल्या आणखी कुणाच्या हे वाचनात आलं, तर तुम्ही माझ्यासाठी घालवलेल्या दुपारी त्यांच्याही कामी येतील.

बाबा गेल्यावर त्यांची दोननळी आणि एक रायफल रीतसर परवान्यासह माझ्या नावावर आली. दोन्ही लाकडी कपाटात, कपाटाला कुलूप. माझ्या लेखी एवढं पुरेसं होतं. तरी तिजोरी घ्यायची म्हणून शोरूममध्ये गेले आणि पहिल्याच फेरीत एक पसंत करून आले. काळी कुळकुळीत, दारावर जहाजाच्या सुकाणूसारखं चाक, आत मखमल, वर पाटी: 24 बंदुकांसाठी. बयाणा द्यायचा तेवढा बाकी होता. तुम्हाला फोन केला तो फक्त "जमिनीला वजन पेलेल ना?" एवढं विचारायला. चाळीस वर्षं तिजोऱ्या उघडणारा आणि दुरुस्त करणारा माणूस बाबांचा मित्र आहे, तर विचारून घेऊ, इतकाच विचार.

तुम्ही आलात, जमिनीकडे बघितलंही नाहीत. "किल्ली कुठे असते हल्ली?" एवढंच विचारलंत.

मी म्हटलं, "नीट ठेवलीय. पोराला माहीत नाही."

खाली गाड्या खेळत बसलेला माझा सात वर्षांचा मुलगा मान वर न करता म्हणाला, "आजोबांच्या चष्म्याच्या डबीत. वरच्या खणात, मागे."

त्या क्षणी तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत, याचे वेगळे आभार. तुम्ही त्यालाच विचारलंत, "आणि काडतुसं रे?" "खालच्या खणात. लाल डब्यात." तो पुन्हा गाड्यांत रमला. मला मात्र खुर्चीवरून उठताना गुडघे आपले वाटेनात.

तिजोरी येईल तेव्हा येईल, आजची रात्र महत्त्वाची, असं म्हणून तुम्ही संध्याकाळी नवं कुलूप आणि एक लहान लोखंडी पेटी घेऊन परत आलात. दोन्ही बंदुका माझ्यासमोर उघडून रिकाम्या असल्याची खात्री केलीत, मग ती मला करायला लावलीत, काडतुसं पेटीत टाकलीत आणि पेटी दुसऱ्या खोलीत नेलीत. नव्या किल्ल्या माझ्या मुठीत देऊन म्हणालात, "यांना घर द्यायचं नाही. या अंगावर राहतील."

दुसऱ्या दिवशी आपण शोरूममध्ये गेलो. तुम्ही चाकाला हात लावला नाहीत. दार उघडून बोल्टांच्या भोकांतून आत डोकावलात आणि मलाही डोकवायला लावलंत. चार बोटं जाड दिसणाऱ्या त्या दारात पोलाद होतं ते बाहेरच्या पत्र्यापुरतं. बाकी सगळा जिप्समचा बोर्ड आणि त्यावर चिकटवलेलं कापड. विक्रेता 14 बोल्ट मोजून दाखवत होता. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बोल्ट अंगठ्याएवढे आहेत हो, पण त्यांना धरलंय कुणी? हा पत्रा कटावणीने वाकला की चौदाच्या चौदा मोकळे." मग बाजूच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक केलीत. पिंपासारखा आवाज आला.

"14 गेज आहे, 12 पेक्षा भारी," असं तो बिचारा मनापासून म्हणाला. त्याला कुणी सांगितलंच नसावं. गेजचं गणित उलटं असतं, आकडा लहान तितका पत्रा जाड, हे मलाही तिथेच कळलं. 14 गेज म्हणजे जेमतेम 2 मिलिमीटर, 12 म्हणजे 2.6 च्या आसपास, 10 म्हणजे 3.3 च्या आसपास. तेव्हापासून मी गेज विचारतच नाही, मिलिमीटर विचारते. समोरचा गडबडला की काय ते समजून जाते.

बाहेरून दिसणाऱ्या बिजागऱ्यांना मी नाक मुरडलं होतं. तुम्ही हसलात. बिजागरी कापली तरी त्या बाजूचे बोल्ट किंवा पट्टी दाराला धरून असेल तर दार जागचं हलत नाही, आणि बाहेरच्या बिजागरीमुळे दार सताड उघडतं. माझी सगळी भीती चुकीच्या जागी होती म्हणायची.

फोडाफोडीला तिजोरी किती टिकते याच्या प्रमाणपत्राचं लेबल शोधायला तुम्ही दाराच्या आतल्या कडेवर टॉर्च मारलात. अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीजचं यूएल 1037, किंवा युरोपातलं ईएन 14450 आणि त्याचे एस1, एस2 हे दर्जे. त्या अमेरिकन चाचणीच्या पहिल्या पायरीवर एक माणूस साध्या हत्यारांनी 5 मिनिटं झटतो आणि दार टिकायला हवं, हे ऐकून मी हिरमुसले. पाचच मिनिटं? "पाच मिनिटं कटावणी घेऊन झटून बघ," तुम्ही म्हणालात, "आणि ते करणाऱ्याला तिजोरीची आतली रचना तोंडपाठ असते." माझ्या लाडक्या काळ्या तिजोरीवर ते लेबल नव्हतंच. होता तो आगीचा स्टिकर, तोही बनवणाऱ्याने स्वतःच घेतलेल्या चाचणीचा.

आगीचं तुम्ही सांगितलंत ते मी आता भेटेल त्याला सांगते. जिप्समच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पाणी असतो. आग लागली की त्या पाण्याची वाफ होते आणि ती होईपर्यंत आतलं तापमान फारसं चढत नाही. कागद वाचवायचे तर आत 177 अंश सेल्सिअसच्या खाली राहायला हवं, यूएलचा 350 नावाचा वर्ग हेच मोजतो (350 म्हणजे फॅरनहाइटमध्ये). पण तीच वाफ नंतर बंदुकांवर बसते. म्हणून तिजोरी आगीतून वाचली तरी, ती थंड झाल्यावर आतलं लोखंड ताबडतोब बाहेर काढून पुसायचं. हे कुठल्याही स्टिकरवर छापत नाहीत.

आणि 24 बंदुकांची ती पाटी! तुम्ही दुर्बीण लावलेली एक रायफल आत उभी केल्याची नुसती खूण करून दाखवलीत आणि आकडा निम्म्यावर आला. मला दोनच ठेवायच्या होत्या. तरी टेप घेऊन दोननळीची लांबी, आतली उंची, घरातली दारं आणि जिन्याचं वळण, सगळं मोजायला लावलंत. जिन्याचं वळण मी सोडूनच दिलं असतं.

शेवटी घेतली ती दिसायला अगदीच साधी, करड्या रंगाची, दिखाऊ चाक नसलेली. कुलपावरून मात्र आपलं जमलं नाही, आणि इथे मी अजून माझ्याच म्हणण्यावर आहे. तुम्हाला चकतीचं कुलूप हवं होतं, कारण ते पिढ्यान्‌पिढ्या चालतं आणि त्याला बॅटरी लागत नाही. मी आकडे दाबायचं घेतलं. घाईत चकती डावीकडे किती आणि उजवीकडे किती, हे मला कधीच आठवलं नसतं. तुम्ही तुमच्या अटी घातल्यात: 9 व्होल्टची बॅटरी दार न उघडता बाहेरून बदलता यायला हवी, बॅटरी संपली तरी आकडा पुसला जायला नको, कीपॅडखाली लपवलेली स्वस्तातली जादा किल्ली नको, आणि कारखान्याचा आकडा त्याच दिवशी बदलायचा. मुलाचा वाढदिवस बाद. बाबांचा गेल्याचा दिवसही बाद, हे तुम्ही हळूच म्हणालात. मी तोच ठेवणार होते, हे तुम्हाला कसं कळलं?

बसवायच्या दिवशी तुम्ही स्वतः गुडघ्यावर बसलात. जमिनीला बोल्टने आवळायला मी नको नको म्हणत होते. दीडशे किलोच्या वर वजन आहे, कोण उचलणार, असं माझं म्हणणं. "उचलायची कशाला? आडवी पाडली की पहारीवर उभं राहून जोर लावता येतो." काँक्रीटमध्ये चार भोकं पाडलीत, नळीने फुंकून त्यातली पांढरी भुकटी काढलीत, बोल्ट आवळलेत आणि तिजोरी हलवून बघायला माझ्या मुलाला बोलावलंत. तो भिंतीला पाय लावून ढकलत होता. तिजोरी कोपऱ्यात अशी बसवलीत की दाराची उघडणारी कड भिंतीशी राहील आणि कटावणी फिरवायला जागा उरणार नाही. मला ती भिंतीला तोंड लपवून उभी असल्यासारखी दिसते. सवय होतेय.

बाबांची चष्म्याची डबी वरच्या खणात परत ठेवलीय. मुलाने एकदा उघडून बघितली, मी बघत होते. आत आता चष्मा आहे. तो त्याने लावला, ठेच लागून पडायला झाला, आणि परत ठेवला.

एक तक्रार आहे. ओल शोषणारी सिलिकाची पाकिटं तापवून पुन्हा आत ठेवली, तरी आतला काटा आर्द्रता 56 टक्के दाखवतोय. तुम्ही 50 च्या आसपास म्हणाला होतात. दाराची रबरी पट्टी खालच्या कोपऱ्यात नीट बसत नाही असा मला संशय आहे. रविवारी येऊन बघाल का? टॉर्च आणू नका, मी घेऊन ठेवलाय.

तुमची,
मित्राची मुलगी