काच

मंगे,

दिवाळी गेली, संक्रांत गेली, तुझे चार मिसकॉल पडलेत आणि मी एकदाही फोन केला नाही. राग धर, हक्कय तुझा. माझे गुडघे तसेच, ह्यांची शुगर बरीय, ते जाऊ दे.

वच्छीच्या पोरीचं सांगायचंय. पोळ्याच्या दोन दिवस आधी आली ती, नेसत्या साडीनिशी. मी लगेच अर्ज लिहायला बसले, सगळे लिहितात तेच लिहिलं, 'सासरच्या मंडळींनी शारीरिक व मानसिक छळ केला'. वाचून दाखवलं तर म्हणते, "मावशे, हे कुणाचं लिवलंस?"

तेव्हापासून डोक्यात तेच. छळ म्हणजे मुळात कपट गं. गुरुजी गीतेचा दहावा अध्याय पाठ करून घ्यायचे, 'द्यूतं छलयतामस्मि', कपट करणाऱ्यांतला जुगार मी. हिंदीत छल म्हणजे अजून फसवणूकच, आपल्याकडंच तो गांजण्यावर आला. आणि हिला तर आधी फसवलंच ना, लेकीसारखी ठेवू म्हणून नेली.

जुलूमवरून आपण भांडलो होतो, तू म्हणायचीस रझाकारांनी आणलेला शब्द. नाही, अरबी आहे, फारसीतून आला, 1948 ला निजाम गेला, शब्द राहिला. (तू निबंधात 'निजामाचे जुलाब' लिहिलं होतंस, अजून हसू येतं.) तर अरबीच्या जुन्या कोशकारांनी त्याचा अर्थ दिलाय, एखादी गोष्ट तिच्या जागी न ठेवता भलतीकडंच ठेवणं. वाचलं आणि पोटात गोळा आला, पोरीचं अंथरूण त्यांनी कडब्याच्या खोलीत टाकलं होतं, आठ महिने.

कायद्यात शब्द क्रूरता. आधी दंड संहितेचं कलम 498 अ होतं, 1983 चं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 85 आणि 86. क्रूर म्हणजे संस्कृतात आधी रक्ताळलेलं, कच्च्या मांसासारखं. कलमात मनाची इजा पण धरलीय, तरी ठाण्यात पहिला प्रश्न हाच, मारलं का, वळ दाखवा. कुठून दाखवणार?

खांदमळणीला भाऊ बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळत होता. जू घासून घासून तिथं केस गेलेत, कातडं काळं पडून टणक झालंय. ती बघत उभी होती, म्हणाली, "मला काच हाय मावशे. बैलाचा बी खांदा मळतेत वर्षातून एकदा."

दोरी आवळून रुतते ना, तो काच. रक्त येत नाही त्यानं. आता काच लिहिलं तर ठाण्यात कोण घेईल, आणि छळ लिहिलं तर ती म्हणते हे माझं नाही.

मंगे, तुझ्या ताईच्या वेळी आपण काय विचारलं होतं? मारतो का? ती नाही म्हणाली आणि आपण चिंचा खात बसलो. ती किती वेळ दाराशी उभी होती गं.

तुझं प्रमोशन कळलं, अभिनंदन, फ्लॅटचा ताबा मिळाला का, पोराला आशीर्वाद.

पहिला अर्ज फाडला. ती सांगतेय तसं लिहितेय, कडब्याची खोली, मोजून दिलेल्या भाकरी, माहेरचा फोन आला की शेजारी येऊन बसणारी सासू. छळ वर एकदाच ठेवलाय, ठाण्यापुरता. सोमवारी जायचंय. ताईला विचार, आमच्यासोबत येईल का.

तुझी
सुमी