मंत्रिमहोदय, सुटका झाली. आता राहायचं कुठे?

मा. मंत्रिमहोदय,
महिला व बालविकास विभाग,
मंत्रालय, मुंबई 400032

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या घरमालकांनी महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलं. झालं असं, की माझ्या केसचं समन्स घेऊन हवालदार आले. अंगावर वर्दी, वेळ संध्याकाळची, सगळी चाळ गॅलरीत बसलेली. पहिल्याच दारात त्यांनी मोठ्यानं विचारलं, "ती पिटाच्या केसमधली पोरगी कुठली खोली?" (पिटा म्हणजे देहव्यापार रोखायचा कायदा.) मी आत पोळ्या लाटत होते. पीठ लागलेल्या हातानंच सही केली. दुसऱ्या दिवशी नळावर बायकांनी माझ्या बादलीपासून आपल्या कळशा लांब सरकवल्या. मग मालक आले. माणूस वाईट नाही, डिपॉझिट परत देतो म्हणाला.

साहेब, मी त्या केसमध्ये साक्षीदार आहे. आरोपी जामिनावर बाहेर आहे आणि त्याला राहायला स्वतःचं घर आहे.

मी बीडकडची. आईबाप ऊसतोडीला. लांबच्या एका मावशीनं बंगल्यावर काम आहे म्हणून मुंबईला आणलं. पुढचं लिहीत नाही, त्याची पोस्टरं तुमचं खातं छापतंच. रेड पडली, तोंडाला ओढण्या बांधलेले आमचे फोटो पेपरात आले, मॅजिस्ट्रेटसाहेबांनी सुधारगृहात पाठवलं. 1956 च्या या पिटा कायद्यात एक ते तीन वर्षं ठेवायची सोय आहे. कुलूप बाहेरून. फोन नाही. मेंदी शिकवली, अगरबत्ती वळायला शिकवली. मुंबईत मेंदी काढून कुणी खोलीचं भाडं भरलेलं तुमच्या पाहण्यात असेल तर मला जरूर भेटवा. मग एक दिवस डिस्चार्ज. वडिलांना पत्र गेलं होतं, ते आले नाहीत. रेशनकार्डावरून माझं नाव भावानं आधीच काढलं होतं.

त्यानंतर जे मिळालं ते सरकारनं दिलेलं नव्हतं. एका संस्थेनं आम्हा चौघींना कुर्ल्यात फ्लॅट घेऊन दिला. दाराची चावी आमच्याकडे. सुरुवातीला मी रात्री उठून कडी काढून बघायची, दार खरंच उघडतं का. एक ताई आठवड्यातून दोनदा यायच्या. बँकेत खातं उघडायला सोबत, कोर्टाच्या तारखेला सुट्टी मिळावी म्हणून माझ्या सुपरवायझरशी बोलणं, आणि रात्री घाबरून उठलं की फोन. आज मी एका हॉस्पिटलात हाउसकीपिंगला आहे ती त्या घरामुळे. संस्थेचे पैसे संपले आणि ते घर गेलं. उरलो आम्ही दोघी, या चाळीत.

महिला दिनाच्या कार्यक्रमात तुमच्या एका बड्या अधिकाऱ्यांनी अशीच घरं सरकार काढणार असं जाहीर केलं होतं. चार-पाच जणींचं घर, तीन वर्षं मुक्काम, वर्षभरात सुरू. टाळ्या मीही वाजवल्या. चौकशी केली की एकच उत्तर, प्रकरण विचाराधीन आहे.

विचार नेमका कोण करतंय? 2007 साली उज्ज्वला योजना आली, गॅसची नव्हे, विकल्या गेलेल्या बायकांना सोडवून पुन्हा उभं करायची. मग उज्ज्वला आणि निराधार बायकांच्या निवाऱ्याची स्वाधार योजना एकत्र करून शक्ती सदन झालं. केंद्राचे साठ टक्के, राज्याचे चाळीस. पाट्या रंगवणाऱ्याचं भलं झालं. तिथं राहणारीच्या नावावर महिन्याला 500 रुपये टाकतात म्हणे. तीन वर्षांचे झाले 18 हजार. दहा बाय दहाच्या खोलीला आमच्याकडून 50 हजार डिपॉझिट घेतलं, दलाली वेगळी. हिशेब तुम्हीच करा.

माझी जोडीदारीण मुर्शिदाबादची. तिला सगळे सांगतात, गावी जा. गावी तो काका आहे, ज्यानं तिला विकलं. इथं राहावं तर बंगाली बोलते म्हणून सोसायट्या बांगलादेशी समजून फाटकातूनच परत पाठवतात. लाडक्या बहिणीचे 1500 तिला नाहीत, कारण ती महाराष्ट्राची नाही. विकली गेली तेव्हा महाराष्ट्रात चालली.

1996 च्या फेब्रुवारीत कामाठीपुऱ्यात धाडी पडल्या, चारशेवर मुली बाहेर काढल्या, कितीतरी नेपाळच्या, आणि त्यांना ठेवायचं कुठे हे कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हाही सुटकेची घाई होती, पुढचा विचार नव्हता. आता तिथं म्हाडा टॉवर बांधणार. भाडेकरूला 500 चौरस फूट मिळणार. पार्टिशनमागच्या खाटेचं भाडं भरणारीचा करार कधी झालाच नाही, मग तिला कोण काय देणार? या शहरात कागद असलेल्यालाच घर मिळतं आणि घर असलेल्यालाच कागद मिळतात. हे चक्र कुठल्या पक्षानं तोडलंय सांगा, मी त्याचा झेंडा धरते.

2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तीन सज्ञान तरुणींना त्यांच्या मनाविरुद्ध सुधारगृहात ठेवता येणार नाही म्हणून सोडायला सांगितलं. बरोबरच आहे. पण कुलूप किंवा फूटपाथ, याच्या मधलं काहीतरी द्या ना. जिथं चावी आमच्याकडे असेल. भाडं पहिल्या वर्षी सरकार भरेल, पुढं पगारातून आम्ही थोडं थोडं भरू. कराराला हमी सरकारची, आधारवर त्या घराचा पत्ता. आणि समन्स द्यायला साध्या कपड्यातली महिला पोलीस पाठवा, याला तर निधीही लागत नाही.

उत्तर लेखी पाठवा. "विचाराधीन" वगळून जे असेल ते.

आपली,
कुर्ल्याची एक भाडेकरू (महिनाअखेरपर्यंत)