कलावंतांच्या हाती दाखला हवा

रविवारच्या पुरवणीतील ज्येष्ठ अभिनेत्याची मुलाखत वाचली. प्रसिद्धी ओसरल्यावर तब्येत आणि घरची माणसेच उरतात, हे त्यांचे म्हणणे मनापासून पटले. पण खानदेशातील वहीगायन (तिथला लोकगायनाचा प्रकार) आणि तमाशाच्या कलावंतांना उतारवयात औषधाच्या पैशांचीही विवंचना असते. शासनाचे ज्येष्ठ कलावंत मानधन २०२४ पासून दरमहा ५ हजार रुपये झाले. वयाची अट ५० वर्षे. खरी अडचण १५ वर्षांचे काम सिद्ध करण्याची. हस्तपत्रिका जपल्या जात नाहीत, आणि जपल्या तरी त्यांवर टोपणनाव असते, आधारवर दुसरेच. म्हणून प्रत्येक फडमालकाने, म्हणजे कलापथकाच्या मालकाने, हंगाम संपताना कलावंताला आधारवरील नाव, टोपणनाव, वर्ष आणि गावे लिहून सही-शिक्क्याचा दाखला द्यावा. यात्रेतील कार्यक्रमाची अशीच नोंद ग्रामपंचायतींनीही द्यावी.

– एक नाट्यकर्मी, अमळनेर